गाडी कुणाच्या वेळेला थांबते? एका मधल्या स्टेशनाचं प्रकरण

हे प्रकरण मिरज–पंढरपूर–कुर्डूवाडी–लातूर मार्गावरच्या एका मधल्या स्टेशनाचं आहे. गावाचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. माणसांचा उल्लेख त्यांच्या कामावरून केला आहे. लहान स्टेशनांसाठी झटणारे प्रवासी गट महाराष्ट्रात गावोगावी आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांच्या निवेदनाची पहिली ओळ एकच असते: एक्स्प्रेसला थांबा द्या. या गावानेही तिथूनच सुरुवात केली होती. पुढे मागणी बदलली. ती का बदलली, हे मला सविस्तर मांडावंसं वाटतं.

पार्श्वभूमी

बार्शी ही कापसाची आणि भुसाराची मोठी पेठ, पण मुंबईहून मद्रासकडे जाणारा मुख्य लोहमार्ग तिला बाजूला ठेवून गेला. ती उणीव भरून काढायला एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शी लाइट रेल्वे उभारली. २ फूट ६ इंच रुंदीची ही नॅरो गेज लाइन १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डूवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. एका आसावर ५ टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, हे कॅलथ्रॉपचं सूत्र होतं. त्यामुळे हलके रूळ चालले आणि कमी पावसाच्या, विरळ वस्तीच्या मुलखातही रेल्वे परवडली. १९५४ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली.

नॅरो गेजला तीव्र वळणं चालतात. म्हणून आपल्या या गावातही गाडी पेठेच्या अगदी जवळ येत असे. स्टेशनासमोर अडत दुकानं, पलीकडे माल धक्का, त्याला लागून बैलगाड्या उभ्या करायची मोकळी जागा. तिकीट खिडकी, पार्सलचा काटा, पाण्याचा हौद आणि स्टेशन मास्तरांचं राहतं घर एवढा पसारा. वारीच्या दिवसांत फलाट माणसांनी भरून जाई. गावातली सत्तरीपुढची माणसं अजूनही दिवसाचे प्रहर गाडीच्या नावाने सांगतात: ‘सकाळची मिरज’, ‘दुपारची लातूर’.

१९९२ मध्ये भारतीय रेल्वेने बहुतेक सगळे मार्ग एकाच रुंदीचे, म्हणजे जास्त रुंदीच्या ब्रॉड गेजचे, करायचं धोरण घेतलं. या मार्गावर ते काम टप्प्याटप्प्याने झालं. लातूरकडचा भाग २००७–०८ मध्ये पूर्ण झाला, पंढरपूर–मिरज भाग त्यानंतर. ब्रॉड गेजला तीव्र वळण चालत नाही, म्हणून या गावाजवळ नवी लाइन सरळ आखली गेली आणि नवं स्टेशन पेठेपासून दोन किलोमीटरहून जास्त लांब, माळावर गेलं. माल धक्का पुन्हा बांधला गेला नाही. पार्सलचा काटाही गेला.

२०१६ च्या दुष्काळात याच मार्गावरून मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली. ११ एप्रिलला निघालेल्या पहिल्या खेपेला १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. पुढे वाघिणी वाढवून ५० केल्या. गेज बदलला नसता तर इतकं पाणी रुळांवरून नेणं शक्यच नव्हतं. या गावालाही त्या गाडीचा अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. पण मार्ग महत्त्वाचा ठरला म्हणजे त्यावरचं प्रत्येक स्टेशन रेल्वेच्या हिशेबात महत्त्वाचं ठरतं, असा एक समज त्यातून रुजला. पुढच्या बऱ्याच घोळाचं मूळ तिथे आहे.

अडचण

मार्च २०२० मध्ये देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबल्या. त्याच सुमारास रेल्वेने आयआयटी मुंबईच्या मदतीने वेळापत्रक शून्यापासून नव्याने आखायला घेतलं आणि त्यात कमी वापराच्या थांब्यांना कात्री लागली. पॅसेंजर गाड्या परतल्या त्या ‘विशेष’ म्हणून, शून्याने सुरू होणारे क्रमांक घेऊन आणि एक्स्प्रेसच्या भाड्याने. कमीत कमी तिकीट १० रुपयांवरून ३० रुपयांवर गेलं. ज्येष्ठ नागरिकांची सवलत २० मार्च २०२० पासूनच बंद होती.

या स्टेशनावर आधी दोन्ही दिशांना जाणाऱ्या पॅसेंजर गाड्यांपैकी मोजक्याच परतल्या. एका एक्स्प्रेसचा थांबा गेला. तिकीट खिडकी आता गाडीच्या वेळेपुरती उघडायची. जंक्शनच्या शहराकडे जाणारी सकाळची गाडी उरली होती, पण तिची वेळ अशी झाली की कॉलेजचा पहिला तास बुडावा आणि सरकारी दवाखान्यात केस पेपरच्या रांगेच्या शेपटाला उभं राहावं लागावं. संध्याकाळी परतायची गाडी त्यातल्या त्यात सोयीची होती.

त्यात नोव्हेंबर २०२१ च्या सुमारास एसटीचा संप चिघळला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या महिन्यांत सगळा भार वडापच्या जिपांवर आणि या एका गाडीवर आला. ज्यांनी अनेक वर्षांत नव्या स्टेशनाचं तोंड पाहिलं नव्हतं, ते माळावर जाऊन उभे राहू लागले. गाडी भरून जात होती आणि तरी स्टेशनाची घसरण थांबत नव्हती. संप मिटल्यावर गावात बातमी पसरली की उत्पन्न नाही म्हणून स्टेशन बंद होणार. त्या बातमीवर गावातली पहिली बैठक भरली.

समोरचे पर्याय

बैठकीत सगळ्यात मोठा आवाज रेल रोकोचा होता. तरुण पोरं तयार होती. तिथे एका वकिलाने रेल्वे कायदा, १९८९ चं कलम १७४ वाचून दाखवलं: रुळावर बसून गाडी अडवली तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम ऐकून काही जण हसले. पण पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं त्या घोळक्यात होती आणि नोकरीच्या फॉर्मवर गुन्ह्याची नोंद काय करते हे त्यांच्या पालकांना ठाऊक होतं. रेल रोको मागे पडला तो त्यामुळे. रेल रोको केला असता तर मागणी पुढे सरकली असती की नाही, यावर त्या दिवशी बोलणं झालंच नाही.

दुसरा पर्याय म्हणजे खासदारांकडून पत्र घेऊन एक्स्प्रेसचा थांबा मागायचा. हे सोपं होतं आणि गावाच्या मानाचंही. थांबा मिळाला की बातमी येते, हिरवा झेंडा दाखवला जातो. पण असे थांबे बहुतेक वेळा प्रायोगिक तत्त्वावर, काही महिन्यांसाठी मिळतात आणि त्या काळात तिकीट विक्री किती झाली यावर पुढचं ठरतं. ती गाडी इथून मध्यरात्री जात होती. पेठेतून माळावर रात्री दीड वाजता जायला ना बस, ना रिक्षा.

डाळिंबवाल्यांचा तिसरा प्रस्ताव होता. सांगोल्याहून शेतमाल नेणारी किसान रेल सुटत होती, १०० वी किसान रेलही डिसेंबर २०२० मध्ये सांगोल्यातूनच निघाली, फळं-भाज्यांच्या वाहतुकीला भाड्यात ५० टक्के सूट होती. मग आपल्याकडे माल का चढू नये? प्रश्न बरोबर होता. पण ज्या स्टेशनाला धक्काच नाही आणि जिथे गाडी मिनिटभर टेकते तिथे माल चढवायचा म्हणजे लाइन, फलाट, हमाल, काटा सगळं नव्याने उभं करायचं. आणि ती सूट कायम राहील याची खात्री कुणालाच नव्हती. ती बंदही झाली. डाळिंबवाले सांगोल्याला माल नेत राहिले.

चौथा पर्याय कुणी मांडला नव्हता. तो एका प्रश्नातून निघाला. त्या प्रश्नाचं श्रेय एका निवृत्त स्टेशन मास्तरांना जातं.

पहिला निर्णय: भीती नेमकी कसली?

गाव त्यांना नुसतं ‘मास्तर’ म्हणतं. त्यांनी बैठकीत विचारलं, “इथे क्रॉसिंग होतं ना?”

होतं. एकेरी मार्गावर समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीला बाजूच्या लाइनवर उभं करून दुसरीला वाट द्यावी लागते. ज्या स्टेशनावर अशी जादा लाइन असते, तिथे गाड्यांच्या चलनवलनासाठी स्टेशन मास्तर लागतोच, मग तिथे दिवसाला एक तिकीट विकलं जावो की हजार. मास्तरांचं म्हणणं असं की हे स्टेशन बंद होण्याची भीती बिनबुडाची आहे. धोका आहे तो प्रवाशांच्या सेवेला: खिडकीचे तास, थांबा, दिवे, पाणी, शेड. कागदोपत्री स्टेशन जिवंत राहील, सिग्नल बदलत राहतील, आणि गावाच्या मात्र ते काही उपयोगाचं उरणार नाही.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा क्षण हाच. ‘स्टेशन वाचवा’ ही घोषणा या एका प्रश्नाने गळून पडली आणि तिच्या जागी छोटे, उत्तर देता येतील असे प्रश्न आले. रेल्वेत गाड्या चालवणारं खातं आणि तिकीट, प्रवासी सेवा बघणारं वाणिज्य खातं वेगवेगळं असतं. निवेदन चुकीच्या टेबलावर गेलं की ते फिरत राहतं. गटाने त्या रात्री दोन याद्या केल्या, एक वेळेसंबंधी आणि एक सेवेसंबंधी.

सेवेच्या यादीतही मास्तरांनी फरक करायला लावला. २०१७ पासून स्टेशनांची वर्गवारी उत्पन्न आणि प्रवासीसंख्येवर होते. मुंबईच्या लोकलसारखी उपनगरी सेवा नसलेल्या गटात सहा पायऱ्या आहेत. वर्षाला १ कोटी रुपयांपर्यंत उत्पन्न आणि १० लाखांपर्यंत प्रवासी असलेली स्टेशनं सगळ्यात खालच्या पायरीवर येतात. हे स्टेशन त्याच पायरीवर. पण त्या पायरीलाही पिण्याचं पाणी, बसायची जागा, दिवे, स्वच्छतागृह, वेळापत्रकाचा फलक अशा किमान आवश्यक सुविधांचा निकष आहेच. त्या मागायला प्रवासी किती, उत्पन्न किती हे सिद्ध करावं लागत नाही. निकष दाखवायचा आणि काय नाही त्याचा फोटो लावायचा. थांबा किंवा वेळ मागायची तर मात्र आकडे लागतात.

काय केलं

आकडे मिळवायचे दोन मार्ग होते. एक माहितीच्या अधिकाराचा. १० रुपये शुल्क भरून अर्ज केला: या स्टेशनावरून महिन्यागणिक किती तिकिटं आणि किती पास दिले गेले? उत्तर आलं आणि गटाचं तोंड उतरलं. विक्री खरोखरच फार कमी होती. गाडीत दिसणारी गर्दी आणि कागदावरचा आकडा यांचा मेळ बसेना.

दुसरा मार्ग फलाटावर उभं राहून मोजण्याचा. २०२२ च्या पावसाळ्यात, आषाढीची गर्दी ओसरल्यावर, कॉलेजच्या मुलांनी पाळीपाळीने हे काम केलं. डोकी मोजण्यावर न थांबता प्रत्येकाला चार गोष्टी विचारायच्या असं मास्तरांनी ठरवून दिलं होतं: कुठे चाललात, कशासाठी, स्टेशनापर्यंत कसे आलात, आणि तिकीट किंवा पास कुठून काढला. चौथा प्रश्न मुलांना निरर्थक वाटत होता. कोडं त्यानेच सोडवलं.

रोज जाणाऱ्यांपैकी बहुतेकांचा मासिक पास जंक्शनच्या शहरातून काढलेला होता. तिथली खिडकी दिवसभर उघडी असते, इथली गाडीच्या आधी थोडा वेळ. पास दोन स्टेशनांमधला असतो, तो कुठल्याही टोकाला काढता येतो, प्रवास तोच. पण नोंद होते ती जिथे काढला तिथे. एका पासात महिनाभराचं रोजचं जाणं-येणं दडलेलं असतं. ते सगळं शहराच्या खात्यात जमा होत होतं. संध्याकाळी परतणाऱ्यांची तिकिटं तर शहरातलीच असणार. काही जण खिडकी उघडायच्या आत गाडी येईल या भीतीने विनातिकीट चढत आणि तपासनीस आला तर दंड भरत. म्हणजे या स्टेशनावर माणसं होती, पण हिशेबात ती दुसरीकडचीच दिसत होती.

इथे गटात एक वाद झाला. संपाच्या महिन्यांतली गर्दी निवेदनात धरायची का? ते आकडे बाकीच्या महिन्यांच्या मानाने भरघोस होते आणि काहींना ते सोडवेनात. मास्तर म्हणाले, संपाचे महिने वेगळे दाखवा, सरासरीत मिसळू नका, कारण कार्यालयात बसलेला माणूसही एसटीचा संप कधी होता हे जाणतो. एकदा फुगवलेला आकडा पकडला गेला की बाकीचे खरे आकडेही संशयात येतात. शेवटी तक्त्यात संपाचा काळ वेगळ्या रकान्यात गेला. पुढे रेल्वेच्या विभागीय कार्यालयातल्या भेटीत अधिकाऱ्याने पहिली चौकशी नेमकी त्याच महिन्यांबद्दल केली.

निवेदनात एक्स्प्रेसच्या थांब्याची मागणी ठेवली, पण ती शेवटून पहिली. वरच्या तीन मागण्या अशा होत्या. सकाळची गाडी पाऊण तास लवकर करा. तिकीट विक्रीसाठी कमिशनवर स्थानिक एजंट नेमा, लहान दर्जाच्या स्टेशनांसाठी अशी सोय आहे. आणि किमान सुविधांतल्या त्रुटी दूर करा. सोबत फोटो, माहिती अधिकारातलं उत्तर आणि फलाटावरच्या मोजणीचा तक्ता.

तिकडे गावात दोन कामं सुरू झाली. पास आपल्याच स्टेशनावरून काढा, असं घरोघर सांगणं हे एक. रेल्वेच्या अनारक्षित तिकिटांच्या यूटीएस अ‍ॅपवरून तिकीट काढायला मुलांनी वडीलधाऱ्यांना शिकवलं, म्हणजे खिडकी बंद असली तरी तिकीट इथूनच निघतं. दुसरं काम एसटी आगाराचं. पेठेतून सुटणारी एक सकाळची फेरी माळावरच्या स्टेशनावरून वळवून घ्यायची विनंती केली. आगार व्यवस्थापकांनी आधी नकार दिला, मग पंधरा दिवस करून पाहू म्हणाले. ती फेरी टिकली.

दुसरा निर्णय: एक वेळ, तीन गरजा

विभागीय कार्यालयाचं उत्तर यायला बरेच महिने गेले. थांबा नाकारला होता. वेळेबाबत मात्र विचार होऊ शकतो असं लिहिलं होतं आणि भेटीला बोलावलं होतं. तिथे कळलं की पाऊण तास अशक्य आहे. ज्या डब्यांची ही गाडी बनते, ते डबे आदल्या खेपेहून येतात, त्यांची साफसफाई आणि तपासणी होते, त्याआधी गाडी सुटू शकत नाही. शिवाय पुढच्या स्टेशनावर समोरून येणाऱ्या एक्स्प्रेसशी तिचं क्रॉसिंग आहे आणि जंक्शनला त्या वेळी फलाट मोकळा नसतो. या तीन अडसरांमधून वीस-पंचवीस मिनिटं निघू शकत होती, जास्त नाही.

आता ठरवायची वेळ गटावर आली. वीस-पंचवीस मिनिटांनी दवाखान्यात जाणारे आणि कचेरीत कामाला जाणारे सुखावणार होते. भाजीच्या पाट्या घेऊन जाणाऱ्या बायकांना काहीच फरक पडणार नव्हता. त्यांना पहाटेची गाडी हवी, मंडई उजाडताच भरते. आणि कॉलेजच्या मुलांचा पहिला तास तरीही बुडणारच होता. ज्यांनी पावसात उभं राहून मोजणी केली, त्यांच्याच पदरात काही पडणार नव्हतं.

मुलांचं म्हणणं होतं की अर्धवट घेऊ नका, एकदा थोडं घेतलं की पुढचं मिळत नाही. मोठ्यांचं म्हणणं होतं की आज हाताशी आहे ते सोडलं तर पुढच्या वेळापत्रकापर्यंत थांबावं लागेल आणि तोवर विक्री आणखी घसरली तर बोलायला तोंड राहणार नाही. बैठक रात्री उशिरापर्यंत चालली. मतदान घ्यावं असं एकाने सुचवलं, मास्तरांनी ते टाळलं, कारण मुलं संख्येने कमी होती. शेवटी मिळतील ती मिनिटं स्वीकारायची आणि मुलांसाठी वेगळी वाट काढायची असं ठरलं: कॉलेजच्या प्राचार्यांना भेटून प्रात्यक्षिकांचे तास उशिरा ठेवायची विनंती. ही भेट झाली, पण कॉलेज एकाच गावासाठी वेळापत्रक बदलू शकलं नाही. त्यानंतर बहुतेक मुलं गटातून बाहेर पडली.

मला हा निर्णय योग्य वाटतो, आणि मुलांचा राग त्याहून योग्य वाटतो. जी गोष्ट सगळ्यांना पुरणार नाही ती वाटताना आधी कुणाचा विचार करायचा, हे गटाने मोजणीच्या आधीच बोलून घेतलेलं नव्हतं. जाणाऱ्यांत दवाखान्याच्या वाटेवरचे किती, कॉलेजचे किती, हे तक्त्यात होतं. अडलेलं कोण, म्हणजे गाडी नसेल तर ज्यांना दुसरा इलाजच नाही असे कोण, हे तक्त्यात नव्हतं.

निकाल

पुढच्या वेळापत्रकात सकाळची गाडी लवकर झाली. तिकीट एजंट नेमला गेला. झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या एका तरुणाने ते काम घेतलं. फलाटावरचे नादुरुस्त दिवे बदलले, पाण्याचा नळ सुरू झाला, शेडची लांबी मात्र तेवढीच राहिली. एक्स्प्रेस अजून थांबत नाही. ६ ऑगस्ट २०२३ ला अमृत भारत योजनेत देशातल्या ५०८ स्टेशनांच्या कामांची एकदम पायाभरणी झाली, तेव्हा गावात पुन्हा आशा जागी झाली. पण ती योजना वेगळ्या निकषांची आहे, आणि गटाने त्यामागे वेळ घालवला नाही हे बरं केलं.

तिकीट विक्री वाढली का? सरळ ‘हो’ म्हणणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. पास इथून निघू लागल्यावर कागदावरचा आकडा लगेच सुधारला, यात शंका नाही. पण त्याच सुमारास, १७ मार्च २०२३ पासून, एसटीत सगळ्या महिलांना अर्धं तिकीट सुरू झालं. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासूनच एसटी मोफत होती. रेल्वेचं कमीत कमी भाडं तेव्हाही ३० रुपये होतं आणि ज्येष्ठांची सवलत परत आलेली नव्हती. साहजिकच बाजाराला आणि दवाखान्याला जाणाऱ्या बायका आणि म्हातारी माणसं एसटीकडे वळली. गाडीची वेळ सुधारली तेव्हा ज्यांच्यासाठी ती सुधारली त्यांतले बरेच जण दुसऱ्या वाहनात बसले होते.

मग फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस पॅसेंजरची जुनी भाडी परत आली, कमीत कमी तिकीट पुन्हा १० रुपये झालं. फलाटावर गर्दी दिसू लागली ती त्यानंतर. या वाढीत वेळेचा वाटा किती, भाड्याचा किती, एजंटचा किती, हे वेगळं काढता येत नाही. गटातले काही जण सगळं श्रेय निवेदनाला देतात. भाडं उतरलं नसतं तर ते निवेदन आज कुणाच्या लक्षात राहिलं असतं याबद्दल मला शंका आहे. आणि निवेदन नसतं, तर भाडं उतरल्यावर परतलेल्या माणसांना तिकीट द्यायला खिडकीत कुणी नसतं.

एक गोष्ट या सगळ्यात हातची गेली. पेठेतली जुनी नॅरो गेजची इमारत गट नव्या स्टेशनाच्या मागे असताना ढासळत गेली. दगडी भिंती उभ्या आहेत, पण छताचं लाकूड, दरवाजे, गावाच्या नावाची पाटी, काही राहिलं नाही. ब्रिटिश कंपनीच्या काळातल्या त्या वास्तूसाठी ना अर्ज केला गेला, ना साधे फोटो काढून ठेवले गेले. सेवा आणि इतिहास ही दोन कामं वेगळ्या माणसांकडे दिली असती तर दोन्ही झाली असती. गावात इतिहासाचे निवृत्त शिक्षक होते, त्यांना कुणी बोलावलंच नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मोजणी एकाच ऋतूत झाली. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या हलतात, डाळिंबाचा हंगाम येतो, लग्नसराई सुरू होते. पावसाळ्यातला फलाट आणि माघातला फलाट यांत फार अंतर असतं. दोनदा मोजलं असतं तर अधिकाऱ्याच्या “हे वर्षभर असंच असतं का?” या प्रश्नाला उत्तर देता आलं असतं.

मोजणी फलाटावर झाली, म्हणजे जे आले तेच मोजले गेले. जे आलेच नाहीत, ते पेठेतल्या वडापच्या थांब्यावर आणि एसटी स्टँडवर होते. त्यांना गाडी का सोडली हे विचारलं असतं तर दोन किलोमीटरच्या पायपिटीचा प्रश्न पहिल्याच महिन्यात वर आला असता. एसटीची वळवलेली फेरी या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर झालेला उपाय आहे. तो सुचला मात्र सगळ्यात उशिरा.

बैठका रात्री मारुतीच्या देवळासमोर व्हायच्या. तिथे बायका आल्या नाहीत. पाट्या वाहणाऱ्या बायकांची पहाटेच्या गाडीची गरज तक्त्यात एक ओळ म्हणून राहिली, मागणी म्हणून कधीच पुढे आली नाही. सकाळच्या गाडीच्या वेळेला फलाटावरच एक बैठक घेता आली असती.

एजंटचं काय होईल हा सध्याचा प्रश्न आहे. त्याला तिकिटामागे मिळणारं कमिशन फार थोडं, आणि लोक जसजसे अ‍ॅपवर जातात तसतसं ते आणखी घटतं. गटाने एकीकडे एजंट मागितला आणि दुसरीकडे लोकांना अ‍ॅप शिकवलं. या दोन गोष्टी एकमेकींच्या वाटेत येतात हे तेव्हा कुणी पाहिलं नाही. अ‍ॅप नसलेल्यांसाठी खिडकी लागेलच, म्हणून एजंटने झेरॉक्सचं काम स्टेशनावरच्या खोलीतून करावं यासाठी परवानगीचा अर्ज आता विभागीय कार्यालयात आहे. त्यासोबत संध्याकाळच्या परतीच्या गाडीचा नवा तक्ताही जोडला आहे, आणि या वेळच्या तक्त्यात एक रकाना वाढवला आहे: ‘ही गाडी नसती तर कशाने गेला असता?’